ओळखपत्र खोटं, साक्ष खरी

शिरूर-दौंड तालुक्यांतील पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

तुमच्या हाती आज जे पदवीपत्र येतं आहे, त्यावर तुमचं नाव आहे, तुम्ही काय शिकलात ते आहे, आणि हे सारं खरं असल्याबद्दल विद्यापीठाची सही आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री समुद्रमार्गे मुंबईत उतरलेले दहा जणही महाविद्यालयाचा कागद घेऊनच आले होते. हैदराबादच्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी असल्याची ती बनावट ओळखपत्रं होती आणि त्यांवर हिंदू नावं होती. हल्ला चालू असतानाच ‘डेक्कन मुजाहिदीन’ अशा नावाने वृत्तमाध्यमांना ई-मेल गेला. म्हणजे हे काम इथल्याच कुणाचं, असं जगाला वाटावं. बंदुका आणि हातबॉम्ब यांच्याइतकीच तयारी त्यांनी खोटेपणाची केली होती. त्या रात्री आणि पुढच्या तीन दिवसांत 166 माणसं मारली गेली. तुमच्यापैकी बहुतेक जण तेव्हा तीन-चार वर्षांचे असाल. तेव्हा ‘विसरू नका’ असं तुम्हाला सांगण्यात तसा अर्थ नाही. जे आठवतच नाही ते विसरणार कसं? तुमच्या पिढीला हे स्मरण शिकून घ्यावं लागणार आहे. म्हणूनच मी हा विषय पदवीदानाच्या दिवशी घेतला आहे.

तो खोटेपणा कसा मोडला, ते नीट पाहू. मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत दोन हल्लेखोरांची गाडी अडवली गेली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, हातात बंदूक नसताना पुढे झाले आणि त्यांनी त्या दोघांतल्या अजमल कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. गोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या. सहकाऱ्यांना कसाब जिवंत मिळाला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, त्यांच्या शौर्याची कथा आपण सांगतोही. पण त्या शौर्यातून काय साधलं, यावर आपण पुरेसं बोलत नाही. दहाच्या दहा जण त्या तीन दिवसांत मेले असते, तर ती ओळखपत्रं आणि तो ई-मेल यांवर आजही वाद चालू राहिला असता. एक जण जिवंत सापडला म्हणून कराचीतून निघालेल्या नावेपासून, वाटेत पळवलेल्या ‘कुबेर’ या मच्छीमार नौकेपासून आणि तिच्या खून झालेल्या तांडेलापासून थेट छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंतची साखळी न्यायालयात जोडता आली. ओंबळे यांनी माणसं तर वाचवलीच, पण सत्यही जिवंत हाती दिलं.

पुढचं काम साक्षीदारांचं होतं. अकरा हजारांहून अधिक पानांचं आरोपपत्र, सहाशेहून अधिक साक्षीदार. त्यांत टर्मिनसवर जीव धोक्यात घालून छायाचित्रं काढणारे सेबॅस्टियन डिसूझा होते. कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे होत्या. वीस गरोदर स्त्रियांना त्यांनी सुरक्षित जागी हलवलं, पुढे कसाबला ओळखलं, आणि 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर हे सारं सांगितलं. 6 मे 2010 ला विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी कसाबला फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑगस्ट 2012 ला ती कायम केली. दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला आणि 21 नोव्हेंबर 2012 च्या सकाळी, आपल्याच जिल्ह्यातल्या येरवडा कारागृहात, शिक्षेची अंमलबजावणी झाली. गोळीबार ते फास या प्रवासाला चार वर्षं लागली. या चार वर्षांना मी आपल्या देशाने मिळवलेला विजय मानतो.

यावर पहिला आक्षेप तुम्ही सर्वांनी ऐकला असेल: सारं जग ज्याला गोळ्या झाडताना पाहत होतं, त्याला वकील कशाला, खटला कशाला, तुरुंगात बिर्याणी कशाला? बिर्याणीचं आधी सांगतो. या खटल्याचे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं, की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती. ती गोष्ट त्यांनी स्वतः रचली होती. तरी आज कुठल्याही पारावर विचारा, सहाशे साक्षीदार कुणाला ठाऊक नसतात आणि बिर्याणी मात्र सगळ्यांना ठाऊक असते. आपल्या स्मरणात घडलेलं मागे पडलं आणि न घडलेलं घर करून बसलं. शत्रूने खोटी ओळखपत्रं पाठवली होती. आपणही खोट्याच आठवणी सांभाळणार असू, तर त्याच्या कामाला आपलाच हातभार लागतो.

आता खटल्याचं. याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते. हल्ल्यासाठी नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. मेलेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडला म्हणून सांगितलेल्या नकाशावर रक्ताचा डाग कसा नाही, ही शंका न्यायालयाने घेतली आणि दोघांना सोडलं. सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली. सारा देश संतापलेला असताना, त्याच निकालपत्रात एकाला फाशी आणि दोघांची निर्दोष मुक्तता. स्वातंत्र्याचं रक्षण करायचं म्हणजे काय, हे मला त्या कागदांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही घोषणेत दिसत नाही. त्या दोघांना सोडलं म्हणूनच कसाबच्या शिक्षेवर कुणाला बोट ठेवता आलं नाही.

असा कसोटीला उतरणारा पुरावा जिथे उभा राहिला नाही, तिथे काय झालं तेही पाहायला हवं. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, 180 हून अधिक माणसं गेली. 2015 मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं गेलं. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब ग्राह्य धरले गेले नाहीत, ओळख परेडवर विश्वास बसला नाही. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे. पुण्यात कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीत 13 फेब्रुवारी 2010 ला झालेल्या स्फोटात 17 जण गेले. तिथेही खालच्या न्यायालयाने 2013 मध्ये दिलेली फाशी 2016 मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही. स्फोट घडवल्याचे आरोप गळाले आणि स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी राहिली. या दोन्ही तारखांना दरवर्षी फुलं वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात. पण ज्याची माणसं गेली त्याने ‘कुणी केलं?’ असं विचारलं, तर आपल्याकडे पक्कं उत्तर नाही. तपास कच्चा राहणं हेही विसरणंच आहे, आणि मेणबत्त्यांनी ते भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्मरण जपलं की द्वेष जपला जातो, जुनं उकरून काय मिळवायचं, असं विचारी माणसंही म्हणतात. शिरूर तालुक्यात उभं राहून हा आक्षेप मला झटकून टाकता येत नाही. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमा आणि सणसवाडीच्या परिसरात इतिहासाच्या आठवणींवरून दगड उचलले गेले, दुकानं-गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. शेजारच्या गावांत स्मरणाचं शस्त्र होताना या तालुक्याने पाहिलं आहे. म्हणून आठवणी पुसाव्यात का? मला उलट वाटतं. दगड उचलले जातात ते अर्धवट आणि सोयीच्या आठवणीवर. पूर्ण आठवण माणसाला सावरते. 2008 ची पूर्ण आठवण ठेवायची तर हेही ठेवावं लागतं, की मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईतल्या मुस्लिम कब्रस्तानाने जागा नाकारली. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 जण मारले गेले, त्यांत सहा महाराष्ट्रातले, दोन पुण्याचे होते. त्याच 26 मध्ये पर्यटकांसाठी मध्ये पडलेला तिथला मुस्लिम घोडेवालाही होता. धर्म विचारून गोळी घालणाऱ्याला आपल्यात फूट हवी असते. हा तपशील वगळून सांगितलेली आठवण त्याच्याच उपयोगी पडते.

आणि हे मुंबईचं दुखणं, आपल्याला काय, असं दौंडच्या माणसाला तर म्हणताच येणार नाही. टर्मिनसवर जी पन्नासहून अधिक माणसं मारली गेली, त्यांतली बरीच लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेली होती: पिशव्या उशाला, मुलं मांडीवर. तशी माणसं दौंड जंक्शनच्या फलाटावर रोज रात्री दिसतात. फलाटावर चादर अंथरून निर्धास्त झोपता येणं, हे गरिबाचं स्वातंत्र्य आहे आणि हल्ला त्यावर होता. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. इथल्या कितीतरी घरांत तो गणवेश दोरीवर वाळतो. त्याच दलाचा जवान राहुल शिंदे ताजमहाल हॉटेलात शिरणाऱ्या पहिल्या पोलिसांपैकी होता आणि तिथेच तो पडला. याच सोलापूर लोहमार्गाने पुढे गेलं की माढा तालुका लागतो. तिथलं त्याचं सुलतानपूर हे गाव आता राहुलनगर म्हणून ओळखलं जातं.

तुमच्यापैकी कुणी पोलीस भरतीला उतरेल, कुणी वकील होईल, कुणी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत जाईल, कुणी शाळेत शिकवेल. पंचनामा लिहिणाऱ्याने जे दिसलं तेवढंच लिहावं. पंच म्हणून बोलावणं आलं तर को­ऱ्या कागदावर सही करू नये. साक्षीला जावं लागलं तर दहा तारखा पडल्या तरी जावं. ऐकीव संदेश पुढे पाठवण्याआधी तो खरा आहे का, ते पाहावं. आणि एक मागणं आहे. कसाब प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कुणालाही वाचता येतो. 26 नोव्हेंबर हा संविधान दिनही आहे. येत्या 26 नोव्हेंबरला उद्देशिका वाचून झाली, की गावच्या वाचनालयात चार मित्र मिळून तो निकाल उघडा आणि एकाने इतरांना मराठीत समजावून सांगत वाचायला सुरुवात करावी.