मुंबईत लहानग्यासह मुक्काम

लहान मूल घेऊन चार दिवस मुंबईत राहायचं असेल, तर समुद्र दिसणाऱ्या खोलीचा हट्ट नको. माटुंगा पूर्वेचा विचार करा. फाइव्ह गार्डन्सची गर्द झाडी तिथंच आहे. सकाळी मूल मनसोक्त धावतं. मऊ इडली, गरम दूध कोपऱ्यावर मिळतं, आणि मुलांच्या पोटाची काळजी मिटली की निम्मा प्रवास सुखाचा होतो! धिम्या लोकलनं भायखळा गाठलं की राणीची बाग, म्हणजे प्राणिसंग्रहालय. पेंग्विन तिथं 2017 पासून पाहता येतात. बुधवारी मात्र बाग बंद. खोली ठरवताना लिफ्ट आहे का, खिडकी रेल्वेरुळांकडे तर नाही ना, एवढं फोनवरच विचारा. सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी मुलाला घेऊन लोकलमध्ये चढू नका.