झेरॉक्सवर एक ओळ

मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर एका संध्याकाळी दहा रुपयांचे शेंगदाणे घेतले. दाणे संपल्यावर सवयीने पुडीचा कागद उलगडून वाचू लागलो. कुणाच्या तरी मोटारीच्या विम्याचा अर्ज होता तो. पूर्ण नाव, घरचा पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव, गाडीचा इंजिन क्रमांक आणि खाली सही. दोनच महिन्यांपूर्वी आम्हीही गाडी घेतली होती, त्यामुळे पोटात गोळा आला. आमचे कागद कुठल्या पुडीला लागले असतील?

आठवून पाहिलं. शोरूममधल्या मुलानं गाडी चालवून बघण्याआधीच म्हटलं होतं, "काका, आधार-पॅनची झेरॉक्स देऊन ठेवा, पुढे धावपळ नको." वास्तविक गाडी चालवून बघायला लायसन्स दाखवलं की पुरे. पण माणूस हौसेनं गाडी घ्यायला गेलेला असतो, बायको-मुलं बाहेर रंग निवडत असतात. तिथे कोण वाद घालणार? मी पाकीट उघडून सगळं टेबलावर ठेवलं. त्यानं झेरॉक्सही काढली नाही. स्वतःच्या मोबाइलवर फोटो घेतले आणि ते आणखी दोघांना पाठवले. गाडी आली, पेढे वाटले गेले. पुढे त्या मुलानं नोकरी सोडली. मोबाइल त्याचा होता, तो त्याच्याबरोबर गेला आणि आमचं आधारही गेलं.

आता कागद लागतात हे खरं आहे. नोंदणीच्या अर्जाला, म्हणजे फॉर्म २० ला, पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. तो आधारच असला पाहिजे असं नाही. मतदार ओळखपत्र, पासपोर्टही चालतो. पॅनचा संबंध आयकराशी. १ जून २०१६ पासून दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का कर विक्रेत्यानं गोळा करायची पद्धत सुरू झाली, तो आपल्या खात्यात जमा दिसायचा तर पॅन हवाच. पगाराच्या पावत्या आणि बँकेचा उतारा मागायचा तो कर्ज देणाऱ्यानं. रोखीनं किंवा चेकनं गाडी घेणाऱ्याकडे ते मागितले तर सरळ विचारावं, "कशासाठी?" प्रत्येक कागदाचं एक काम आहे आणि एक टेबल आहे. आपण मात्र सगळे कागद एकाच टेबलावर ठेवून येतो, आणि तिथून ते विमा एजंट, कर्जाचा एजंट, आरटीओचं काम करणारा माणूस असे फिरत राहतात.

विम्याची मुदत संपायच्या महिनाभर आधी "सर, आपली अमुक गाडी आहे ना?" असे फोन सुरू होतात, तेव्हा आपण शोरूमवाल्याला शिव्या देतो. पण गळती एकाच नळाला नव्हती. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनंच 'वाहन' आणि 'सारथी' या नोंदणीसंचांतली माहिती घाऊक विकण्याचं धोरण आणलं. वर्षाची किंमत तीन कोटी रुपये. ८७ खासगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी संस्थांना माहिती दिली गेली आणि ६५ कोटी मिळाले, हे त्याच वर्षी राज्यसभेत सांगितलं गेलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१७ मध्ये सांगून झालं होतं, त्यानंतरची ही गोष्ट! २०२० मध्ये हे धोरण मागे घेतलं गेलं. पण गेलेली माहिती परत आणण्याचा फॉर्म अजून निघालेला नाही.

आधारचीही अशीच गंमत. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या. गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत पत्रक मागे घेतलं. चार आकड्यांची प्रत मात्र प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आजही मिळते, आणि बहुतेक ठिकाणी तेवढीच पुरते. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, ते टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. पण तो डिजिटल माहितीसाठी आहे. जो कागद संगणकात गेलाच नाही, त्याला तो लागू नाही. शेंगदाण्याची पुडी मोकळीच!

घरात दुसरी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा मी शहाणा झालो होतो. झेरॉक्स घरूनच काढून नेल्या आणि प्रत्येकीवर आडवी ओळ लिहिली: 'फक्त अमुक गाडीच्या नोंदणीसाठी', तारीख आणि अक्षरांवरून जाणारी सही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, असलं आरटीओत चालत नाही हं." मी म्हटलं, "परत आलं तर दुसरी देतो." परत काही आलं नाही. एका ओळीनं चोर थांबत नाही, हे मलाही कळतं. पण त्याच कागदावर उद्या कुणी सिमकार्ड घेतलं किंवा कर्ज उचललं, तर आपण दिलं होतं कशासाठी हे दाखवायला हातात काहीतरी राहतं. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते 'संचार साथी'वर २०२३ पासून बघता येतं. कर्जाच्या इतिहासाचा अहवालही २०१७ पासून वर्षातून एकदा फुकट मिळतो. वाचायला कंटाळवाणा असतो, पण आपल्याला माहीत नसलेलं कर्ज दिसलं तर कंटाळा पळतो.

खरी जोखीम मात्र जुनी गाडी विकताना असते. आपण फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करतो, सोबत आधारची झेरॉक्स देतो आणि पैसे मोजून घरी येतो. घेणाऱ्याचं नाव रिकामंच असतं. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा निकाल यासाठी माहीत असावा. २००७ मध्ये विकलेली गाडी हातोहात पुढे गेली, २००९ मध्ये तिचा अपघात होऊन एक मूल दगावलं. नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी त्याचीच, असं न्यायालयानं ठरवलं. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये नियम आले. अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवली की तसं परिवहन कार्यालयाला ऑनलाइन कळवायचं असतं. ते कळवलं गेलं का, हे आपणच बघायचं.

त्या पुडीवरच्या नंबरावर मी फोन लावला होता. भाईंदरचे एक गृहस्थ बोलले. मी कागदाबद्दल सांगितलं तर हसले. "अहो, ती गाडी तर तीन वर्षांपूर्वीच विकली मी. विम्याचे फोन अजून मलाच येतात." मी विचारलं, "नावावरून गेली का तुमच्या?"

पलीकडे जरा वेळ शांतता.

"सह्या तर करून दिल्या होत्या," ते म्हणाले.