घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



आपल्या खानदेशात वैशाखाच्या उकाड्यात गच्चीवर नाही तर अंगणात खाट टाकून झोपतात. त्यामुळे कोण किती घोरतो हे साऱ्या गल्लीला ठाऊक असते. ‘काय ढाराढूर झोपलाय!’ असे आपण कौतुकाने म्हणतो. पण ती झोप खरोखरच गाढ असते काय?

जरा कान देऊन ऐका. घोरणे चढत जाते, एकदम थांबते, काही क्षण श्वासच नाही. मग धापेसारखा आवाज करून माणूस कूस बदलतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बुजते आणि ती मोकळी करण्यासाठी मेंदूला अर्धवट जागे व्हावे लागते. दहा सेकंद किंवा अधिक वेळ श्वास असा थांबणे तासात पाचाहून जास्त वेळा घडले, तर डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मुंबईच्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत शेकडा साडेसात जणांना दिवसाच्या झापडीसह हा विकार आढळला.

झापड ही काही थट्टेची गोष्ट नव्हे. रावेर-सावद्याची केळी घेऊन रात्रभर ट्रक हाकणाऱ्याला, धुळ्याहून आग्रा रोडला लागणाऱ्याला, एक डुलकी पुरे होते.

यावर उपाय आहे. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हलक्या दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तेच आजचे सीपॅप यंत्र. मात्र त्याचे नाते औषधाच्या कोर्सपेक्षा चष्म्याशी जवळचे. चष्मा काढला की दिसणे पुन्हा अंधूक! तसेच यंत्र बंद केले की थोड्याच रात्रींत श्वास पुन्हा अडू लागतो. वर्षानुवर्षे लावणाऱ्याची झोप मोडत नाही, दिवसाची झापड ओसरते.

२०१६ साली भारतासह सात देशांतील सुमारे २७०० हृदय व रक्तवाहिन्यांच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी यंत्र रात्री सरासरी सव्वातीन तासच लावले. हृदयविकाराचे झटके त्याने घटले नाहीत. पण झापड कमी झाली, मन प्रसन्न राहिले. मग झोपेचा लाभ पूर्ण हवा, तर यंत्र रात्रभर नको का? पहिला आठवडा जिकिरीचा. मुखवटा बोचतो, तोंड सुकते. अशा वेळी यंत्र फडताळात न टाकता डॉक्टरांकडून मुखवटा बदलून घ्यावा.

इतर उपायांचेही असेच. जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी सौम्य विकारात उपयोगी. पण वर्षांनुवर्षे वापरली तर दात थोडे सरकतात. घशाच्या शस्त्रक्रियेचा गुण काहींच्या बाबतीत पुढे ओसरतो. वजन उतरवले तर विकार पुष्कळ हलका होतो. वजन वाढले की तो परततो. दारू मात्र घसा अधिकच सैल करते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात पेंगणारा, तोंडाने श्वास घेणारा मुलगा आळशीच असेल असे समजू नका. त्याच्या वाढलेल्या टॉन्सिल्सही कारण असू शकतील. पालकांना एवढेच विचारा : ‘हा रात्री घोरतो का?’

आणि गृहिणींनो, श्वास थांबलेला प्रथम ऐकू येतो तो तुम्हालाच. पेशंटला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्यांच्याबरोबर तुम्हीही जा.