मी फिरायला जाते



माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. असं उभं राहून बोलायची ही पहिलीच वेळ. काय बोलू, असं विचारलं तर कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुम्ही रोज कुठं भटकता, तेच सांगा." तेव्हा ते भटकणंच सांगते. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सहा वर्षांपूर्वी माझी साखर जरा वर सरकली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. लग्न होऊन वाईला येऊन मला तेव्हा वीस वर्षं झाली होती. पण दळण, बाजार, मुलांची शाळा आणि गणपतीचा घाट, एवढीच माझी वाई. बाईमाणूस घराबाहेर पडतं ते कामासाठी. काम नसताना नुसतं रस्त्यानं चालायचं, याची मला लाजच वाटे. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर एकीनं विचारलं, "कुठं निघालात वहिनी?" 'फिरायला' हा शब्द काही तोंडातून निघेना. "भाजी आणायला," म्हणाले. सकाळी सहाला कुठली आलीय भाजी! मग मी हातात पिशवीच घेऊ लागले. पिशवी दिसली की कुणी विचारत नाही. जवळजवळ वर्षभर ती रिकामी पिशवी मी मेणवलीपर्यंत नेली आणि रिकामीच परत आणली.

मेणवली आपल्यापासून तीनेक किलोमीटर. जाऊन येऊन सहा. आरंभी मला त्याला दोन तास लागत, आता दीड पुरतो. नाना फडणविसांचा वाडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' सिनेमात तो घाट दिसला, तेव्हापासून बाहेरगावचे लोकही येतात. मीही नवी नवरी असताना एकदा रिक्षातून गेले होते. पण रिक्षातून काय दिसतं? चालत जाऊ लागले तेव्हा एक दिवस घाटावरच्या त्या मोठ्या घंटेजवळ थांबले. तिच्यावर बाळ घेतलेली मेरी आहे आणि १७०७ साल आहे! १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा तिथून ज्या घंटा आणल्या त्यांतली ही एक. आपल्या देवाच्या दारात मेरीमाता इतकी वर्षं नांदते आहे, आणि मी वीस वर्षं तीन किलोमीटरवर राहून तिला पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मला नादच लागला. साखर राहिली बाजूला. आज ही वाट, उद्या ती. माघ-फाल्गुनात हळद शिजवायला घेतात, त्या वासानं रस्ता अर्ध्या कोसावरून कळतो. चैत्र-वैशाखात पसरणीच्या अंगाला करवंदं. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, हे मला रेडिओवरून ठाऊक होतं, पण ते गाव आपल्या डोंगराच्या पायथ्याशी आहे हे पायांनी गेले तेव्हा उमगलं. गौरीसाठी तेरडा मी दरवर्षी बाजारातून जुडीनं विकत आणीत असे. श्रावणात डोंगराच्या उतारावर गेले तर तोच तेरडा पाहावं तिकडं गुलाबी! पैसे दिल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिथंच एक शेळ्या राखणाऱ्या आजी भेटल्या. त्यांनी मला कुर्डू ओळखायला शिकवलं. "कवळी तवर खुडायची. तुरा आला की भाजी संपली," म्हणाल्या. टाकळाही त्यांनीच दाखवला. त्या दिवशी मात्र माझी पिशवी भरून आली. घरी भाजी केली, तर सासूबाई ताटावर एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "किती वर्षांनी ग!" दुसऱ्यांदा वाढून घेतली.

आता एक न सांगण्यासारखं सांगते. चौथ्या वर्षी पावसाळ्यात मी एकटीच दूर गेले. आपल्याकडं लख्ख ऊन होतं. जाताना घोट्याएवढं पाणी असलेला ओढा ओलांडला. पण वर डोंगरात कोसळला असावा. परतताना पाहते तर ओढा कमरेएवढा, लाल पाण्याचा. मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला. काय करणार? एका गोठ्याच्या पडवीत तीन तास बसून राहिले. पाणी ओसरलं तेव्हा आले. घरी यजमान दुकान बंद करून सगळीकडं शोधून आलेले, मुलगी रडतेय. हे एवढंच म्हणाले, "उद्यापासून बंद." मी काही बोलले नाही. चूक माझीच होती.

तेरा दिवस मी घरात होते. सकाळी जाग त्याच वेळी यायची. चहा टाकायचा आणि खिडकीतून पाहात बसायचं. मला वाटायचं, यापेक्षा ती आवड लागलीच नसती तर बरं झालं असतं. चौदाव्या दिवशी सासूबाई यांच्यासमोर म्हणाल्या, "हिला जाऊ दे रे. मी पोरपणी मेणवलीहून वाईला डोक्यावर दूध घेऊन रोज यायची. तेव्हा नदीला पूर नव्हते का? बरोबर कुणी असलं म्हणजे झालं." सासूबाईंचं माहेर मेणवली, हे मला ठाऊक होतं. त्या दूध घालायला चालत यायच्या, हे कधी बोलल्या नव्हत्या. यांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून आम्ही पाचजणी जातो. नियम थोडके आहेत. पावसाळ्यात ओढा ओलांडायचा नाही. मोबाइल जवळ ठेवायचा. कुत्र्यांसाठी हातात काठी. आणि साडीवर बूट घालायला लाजायचं नाही. माझी टाच चपलेनं महिनाभर दुखली, मग मुलीनं कॅनव्हासचे बूट आणून दिले. पहिल्या दिवशी पोरं हसली, दुसऱ्या दिवशी विसरली. गुरुवारी लांबची वाट असते. धोमला आम्ही दोनदा चालत गेलो. तिथला कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी पाहिला आणि येताना मुकाट्यानं एसटीत बसलो. लोहाऱ्याजवळची पालपेश्वराची लेणी अजून व्हायची आहेत.

गेल्या दिवाळीत सासूबाईंना रिक्षानं मेणवलीच्या घाटावर नेलं. गुडघ्यांमुळं त्यांना चालवत नाही. बारा वर्षांनी त्या तिथं गेल्या. पाण्यात पाय सोडून बसल्या आणि मला विचारू लागल्या, अमक्या वळणावरची चिंच आहे का, शेताकडची पाऊलवाट चालू आहे का, तिथला उतार अजून निसरडा आहे का. मला सगळ्याची उत्तरं देता आली. चिंच आहे. वाटेला आता कुंपण घातलंय, पण कडेनं जाता येतं. उतारावर मी स्वतः दोनदा घसरले, हेही सांगितलं. त्या खूप हसल्या.

परवा कोपऱ्यावर त्याच बाई भेटल्या. "कुठं निघालात वहिनी?" मी म्हटलं, "फिरायला. येता का?" त्या म्हणाल्या, "थांबा, पिशवी घेऊन येते."