पहिलं प्रोसीडिंग बुक कुठे गेलं?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



महिनाभरापूर्वी स्मरणिका समितीची पोरं माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुम्ही सोसायटीचे पहिले खजिनदार. भूमिपूजनाचे फोटो आणि पहिल्या सभेचं प्रोसीडिंग बुक तुमच्याकडे असेलच." मी म्हटलं, "नाही रे, ते उधईनं खाल्लं." पोरं हसली. त्यांना वाटलं, काका टाळताहेत. टाळत नव्हतो. आज तेच सांगायला उभा आहे, कारण त्यात चूक माझी होती.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी आपल्या सोसायटीची नोंदणी झाली. सभासद सगळे नोकरदार, प्रत्येकाच्या पगारातून हप्ता कापला जाणार. पायाचे चर खोदले तेव्हा मिस्त्री मला म्हणाला, "सायेब, या जागेत उधई हाय. जोतं भरायच्या आधी दवाई टाकून घ्या, मंग जमत नाही." मी त्याला खर्च विचारला, कागदावर बेरीज केली आणि सभेत सांगितलं, "हा खर्च आता नको, पुढे पाहू." बँकेतला माणूस म्हणतो म्हणजे बरोबरच असेल, असं समजून सर्वांनी माना डोलावल्या. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की हप्ता आज चुकवला तर उद्या व्याजासकट भरावा लागतो. स्वतःच्या घराच्या बाबतीत मात्र विसरलो.

व्याज २००७ च्या पावसाळ्यात भरलं. ऑडिटसाठी ऑफिसच्या खोलीतलं कपाट उघडलं. कपाट लोखंडी, म्हणून आम्ही निर्धास्त. पण ते भिंतीला टेकवलेलं होतं, मागच्या नळाची गळती त्या भिंतीत मुरत होती, आणि आतल्या फळ्या लाकडी. प्रोसीडिंग बुक उचललं तर पुठ्ठा शाबूत आणि आत माती. फोटोंचा अल्बम, नामनिर्देशनाचे अर्ज, त्याची नोंदवही, सगळ्याचा भुगा. उधई लोखंड खात नाही हे खरं, पण लोखंडावरून मातीचा रस्ता बांधत चढते हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी आपले एक सभासद अचानक वारले. त्यांनी पत्नीच्या नावे अर्ज भरून दिला होता, मीच पोच दिली होती. ती पोच सापडेना आणि सोसायटीकडे कागद उरलेला नाही. घर नावावर व्हायला त्या वहिनींना वारस दाखल्यासाठी कितीतरी महिने खेटे घालावे लागले. त्या आज समोर बसल्या आहेत, नाव घेत नाही. त्यांनी मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. मी भेटायला गेलो की आधी चहा ठेवतात. म्हणून ते जास्त लागतं.

त्यानंतर मी उधईचा अभ्यास केला. तो सांगतो, कामाला येईल.

उधईला पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुंगी नव्हे. ती झुरळाच्या कुळातली. वारूळ तीच बांधते, साप नंतर येतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते खरंच आहे. आत राजा, राणी, सैनिक आणि असंख्य कामकरी. राणी दिवसाला हजारोंनी अंडी घालते. कामकरी आंधळे, उजेड आणि कोरडी हवा त्यांना सोसत नाही, म्हणून ते जमिनीतून घरापर्यंत मातीची बंद नळी बांधून येतात. शेतातला पालापाचोळा, धसकटं कुजवून माती करायचं कामही हीच उधई करते. शेतात ती उपकारी असते. चौकटीत शिरली की आपलं भांडण सुरू.

ओळखायचं कसं? पहिली खूण, जोत्यावर किंवा चौकटीच्या कडेला पेन्सिलीएवढी मातीची नळी. मधला इंचभर भाग खरवडा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. बुजवलेला असेल तर आत ये-जा चालू आहे. सगळ्या नळ्या झाडून साफ करू नका, मग औषधवाल्याला माग लागत नाही. दुसरी खूण, चौकटीवर बोटानं टकटक करा, पोकळ आवाज आला की समजा. तिसरी, पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे येतात आणि सकाळी पंखांचा सडा पडतो. मुंग्यांनाही पंख फुटतात. पण उधईचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असते. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक. पंख घराच्या आत, खिडकीखाली सापडले तर गांभीर्यानं घ्या. आणि लाकडातून नुसतं पिठासारखं बारीक पडत असेल, मातीचा लेप नसेल, तर तो बहुधा घुणा. त्याचा इलाज वेगळा.

आता उपाय. रॉकेल, फिनाईल ओतल्यानं दिसणाऱ्या चार मरतात, वारूळ जमिनीत सुखरूप राहतं. पहिला उपाय फुकटचा आहे: ओल काढा. गळका नळ, कूलरचं पाणी, भिंतीला लागून केलेला कुंड्यांचा ओटा तपासा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, जोत्याला तडे जातात. उधईला यायला बारीकशी फट पुरते. ते तडे बुजवा. पऱ्हाटी, तुराट्या, जुनी दारं, खोके भिंतीला टेकवून ठेवू नका. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या.

त्यानंतर औषध. नवीन बांधकाम असेल तर पाया आणि जोत्याच्या मातीतच फवारणी करा, यासारखं दुसरं काही नाही. राहत्या घरासाठी भारतीय मानक ६३१३ चा तिसरा भाग आहे. भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची छिद्रं पाडून औषध सोडतात आणि छिद्रं सिमेंटनं बुजवतात. क्लोरपायरीफॉस २० टक्के असेल तर एक भाग औषधाला १९ भाग पाणी. काम परवानाधारकाकडूनच करून घ्या. त्यानं डबा समोर फोडावा, पाणी समोर मोजावं. विहीर, बोअर, पाण्याची टाकी जवळ असेल तर आधी सांगा. लहान मुलं दूर ठेवा. पक्कं बिल आणि हमीचा कागद घ्या, आणि तो कागद उधईच्या वाटेत ठेवू नका!

बँकवाला म्हणून दोन शब्द नोटांबद्दल. २०११ मध्ये उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या एका बँक शाखेत उधईनं सुमारे एक कोटीच्या नोटा खाल्ल्या. २०२३ मध्ये मुरादाबादला एका बाईंनी लेकीच्या लग्नासाठी लॉकरमध्ये ठेवलेले १८ लाख असेच गेले. लॉकर रोकड ठेवायला नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ५० आणि त्यावरच्या नोटेचा एकसंध तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण रक्कम, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, त्याखाली काही नाही. माती घेऊन गेलात तर काउंटरवरचा पोरगा काय देणार?

शेवटचं आणि महत्त्वाचं. आपली घरं एकमेकांना लागून आहेत, भिंती सामाईक आहेत. माझ्या घरात फवारलं की जमिनीतलं वारूळ मरत नाही. उधई शेजारच्या भिंतीतून वाट काढते. थकलेलं कर्ज आम्ही ९० दिवसांत ओळखायचो. उधई त्याहून गुपचूप वाढते, आणि कोणाच्या दारात आहे ते विचारत नाही. हा खर्च एकेकट्यानं करून उपयोग नाही, सोसायटीनं करायचा असतो. सहकार म्हणतात तो हाच.

म्हणून माझा ठराव: दरवर्षी जूनच्या पहिल्या रविवारी, मृगाच्या आधी, आपण सर्वांनी मिळून प्रत्येक घराचं जोतं तपासायचं. सोसायटीचे सगळे कागद स्कॅन करून प्रत तिघांकडे ठेवायची. आणि या वेळी कोणी "पुढे पाहू" म्हणालं तर त्याला माझी गोष्ट सांगा.

एक विनंतीही आहे. भूमिपूजनाचा एखादा फोटो कोणाच्या ट्रंकेत, गावच्या घरी, मामाकडे असेल तर आणून द्या. त्या फोटोतली सहा माणसं आता आपल्यात नाहीत. पुढच्या स्मरणिकेत ती दिसावीत, एवढीच या पहिल्या खजिनदाराची इच्छा.