तापलेला फोन : दुरुस्ती की निरोप?

यंत्राला ताप आला, की आधी निदान करावे. विल्हेवाट मागाहून ठरवावी. स्मार्टफोन तापतो तो पुष्कळदा उन्हामुळे, जाड आवरणामुळे किंवा चार्जिंग चालू असता घेतलेल्या कामामुळे. सावली व विश्रांती मिळाली, की तो पूर्ववत् होतो. शेकडो वेळा भरून रिती झालेली लिथियम-आयन बॅटरी मात्र क्षीण होते. तेव्हा केवळ बॅटरी बदलून बाकीचे यंत्र आणखी काही वर्षे चालविता येते.

परंतु फोनची पाठ फुगली असेल, तर बॅटरीत वायू साठला आहे असे समजावे. ती दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्जही करू नये. तिच्यातून आग भडकू शकते. तेथे जुनी बॅटरी जगविण्याचा मोह सोडावा.

निरोपालाही रीत आहे. फोनमधील तांबे, सोने व कोबाल्ट पुन्हा उपयोगी पडतात. पण मुरादाबादसारख्या ठिकाणी असेच भाग उघड्यावर जाळले गेले आणि विषारी धूर मजुरांच्या छातीत गेला. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून शक्य तर आतील खाजगी माहिती पुसावी आणि फोन नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावा. भंगारात दिलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी दारी जाते.