चित्रातील मुखवटा आणि मुलाची वाणी
(प्राथमिक शिक्षकांच्या वर्गापुढील भाषण)



खानदेशातील पुष्कळशा शाळांत पहिल्या बाकावरची चार मुले बोलतात व मागची वीस मुले ऐकतात. ही वीस मुले मंदबुद्धीची असतात असे मुळीच नाही. कुणाच्या घरी अहिराणी बोलतात, सातपुड्याच्या पायथ्याशी कुणाच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात. पुस्तकातील मराठी त्यांना परकी वाटते, आणि आपण चुकलो तर वर्ग हसेल या भयाने ती गप्प बसतात. अशा मुलाला स्वतःच्या नावाने बोलण्याचा संकोच वाटतो. पण दुसऱ्याचे सोंग घेतले की त्याची जीभ मोकळी होते. पोळ्याला किंवा शिमग्याला हेच मूल गल्लीत कसे बोलते, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे. प्रश्न एवढाच की, हे सोंग त्याला वर्गात कसे मिळवून द्यावे.

यास एक सुलभ साधन आहे, ते म्हणजे व्यक्तिचित्र. ‘तू एक नावाडी हो’ असे नुसते सांगितल्यास मूल गोंधळते. परंतु त्याच्या हाती एका वृद्ध पुरुषाचे चित्र देऊन ‘हा कोण असेल?’ असे विचारले, तर ते प्रथम डोळ्यांनी पाहते, मग मनाने शोधते आणि शेवटी तोंडाने सांगते. कल्पनेला उभे राहण्यास जागा लागते; ती जागा चित्र देते.

पाश्चात्य देशांत या तत्त्वावर एक खेळच निर्माण झाला आहे. सन १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा मेजाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन ते पात्र काय करील हे सांगतात, आणि धाडसाचे फळ फाशाच्या दानावरून ठरते. पात्र निश्चित करण्यासाठी खेळणारे पुष्कळदा एखादे व्यक्तिचित्र समोर ठेवतात. आपल्या शाळेत मेज नसले तरी सतरंजी आहे, फासे नसले तरी कवड्या आहेत, आणि सूत्रधार तर नाटकाच्या परंपरेतून आपल्या घरचाच आहे.

चित्रांसाठीही दूर जावयास नको. जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील १७ क्रमांकाच्या लेण्यात हाती भिक्षापात्र घेतलेल्या भगवान बुद्धांची भव्य आकृती असून तिच्यासमोर एक माता आपल्या बालकाला पुढे करीत आहे. ही यशोधरा व राहुल असे मानले जाते. या चित्राची साधी छापील प्रत वर्गात लावून विचारावे: मुलगा कोणाकडे पाहतो आहे? आईचे हात काय करीत आहेत? अनेक वर्षांनी भेटलेल्या पित्याला हा मुलगा पहिला शब्द कोणता बोलेल? ज्या मुलाचा बाप ऊसतोडीला परगावी गेला आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागणार नाही.

चाळीसगावचे कलावंत केकी मूस (१९१२–१९८९) यांचे उदाहरणही मननीय आहे. रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरात त्यांनी अनेक दशके जवळजवळ एकांतवासात घालविली. परंतु मेजावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर योग्य प्रकाश टाकून, विस्तीर्ण देखाव्याचा भास देणारी छायाचित्रे त्यांनी निर्माण केली. साधने अल्प असली म्हणून सृष्टी अल्प होत नाही, हा त्यातील बोध शिक्षकाच्या उपयोगाचा आहे.

आता प्रत्यक्ष पद्धती. जुन्या दिनदर्शिका, वर्तमानपत्रे व मासिके यांतून दहा-बारा चेहरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवावेत. प्रत्येक मुलाने एक चित्र घेऊन दोन मिनिटे मुकाट्याने पाहावे. नंतर आधी जे दिसते तेवढेच सांगावे. तर्क मागाहून करावा. मग पात्राच्या पाच गोष्टी ठरवाव्यात: नाव, धंदा, अंगचे एक कसब, मनातील एक भीती व एक इच्छा. त्यानंतर शिक्षकाने प्रसंग मांडावा. तापीला पूर आला आहे, पैलतीरावर एक आजारी बाई आहे, आणि नाव एकच आहे. कोण काय करील? धाडसाचे काम निघाले की सहा कवड्या टाकाव्यात. तीन किंवा अधिक उताण्या पडल्यास काम साधले. न साधल्यास खेळ थांबवू नये, दुसरी वाट शोधावयास सांगावे. पात्र अहिराणीत बोलले तर बोलू द्यावे. तेच बोलणे पुढे फळ्यावर मराठीत मांडून घेता येईल. अशा रीतीने भाषेचा पाठ आपोआप तयार होतो.

मात्र एका गोष्टीस जपले पाहिजे. काळा वर्ण, फाटके वस्त्र किंवा वेडावाकडा चेहरा दिसला की मुले त्या चित्राला चोर ठरवितात. हे त्यांनी मोठ्यांकडून उचललेले असते. तेथे रागावू नये; ‘हे चित्रात कोठे दिसले?’ एवढेच विचारावे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गौर व श्याम अशा दोन्ही वर्णांची माणसे सारख्याच आदराने रंगविली आहेत, हे दाखवून द्यावे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे चित्रही पुढे ठेवावे. डोक्यावर पदर घेतलेली शेतकरी स्त्री, एवढेच त्यात दिसते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या कवितांनी साऱ्या महाराष्ट्राला चकित केले. चेहऱ्यावरून आरंभ करावा, पण चेहऱ्यावर निवाडा करू नये, हा धडा मुलांना याहून चांगला कोण देणार?

या खेळात गुण देऊ नयेत व स्पर्धा लावू नये. आठवड्यातून एक तास पुरेसा आहे. त्या तासाला शिक्षकाने पहिल्या बाकाकडे न पाहता शेवटच्या बाकाकडे पाहावे. तेथील एखादे मूल नावाड्याच्या तोंडून ‘मी नाव सोडतो’ असे म्हणाले, तर तो तास सार्थकी लागला असे समजावे. आज जे दुसऱ्याच्या नावाने बोलले, ते उद्या स्वतःच्या नावाने बोलू लागेल.